आवाज बंद करून पाहण्याचा संग्रह

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात, अस्टोरिया येथे, म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज नावाचे संग्रहालय आहे. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांना वाहिलेल्या या संस्थेने ‘द लिव्हिंग रूम कँडिडेट’ हा ऑनलाइन संग्रह उभा केला असून, १९५२पासूनच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांतील तीनशेहून अधिक प्रचारजाहिराती तेथे विनामूल्य पाहता येतात. जाहिरातीसोबत तिचा शब्दशः मजकूर आणि त्या वर्षीच्या लढतीची थोडक्यात पार्श्वभूमी दिलेली असते. राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला राजकीय संज्ञापन शिकवताना मी हा संग्रह गेली काही वर्षे वापरत आले आहे, आणि माझा हेतू मर्यादित आहे: वंश किंवा लिंग यांचा उच्चारही न करता मतदाराच्या मनातील वर्णद्वेष आणि स्त्रीविषयक पूर्वग्रह कसे जागे केले जातात, हे विद्यार्थ्यांना दाखवणे. हे परीक्षण त्याच हेतूने लिहिले आहे; जाहिरातकलेच्या अभ्यासकाला हाच संग्रह वेगळा दिसेल.

अशा आडवळणाच्या प्रचाराला अमेरिकेत ‘डॉग व्हिसल’ म्हणतात, म्हणजे कुत्र्यालाच ऐकू येणारी आणि माणसाच्या कानाला न कळणारी शिट्टी. वर्गात ही उपमा समजावून सांगू लागले की कोणीतरी ‘म्हणजे लेकी बोले सुने लागे’ असे म्हणतेच. म्हण जवळची आहे, पण तंतोतंत नाही. आपल्या म्हणीत बोलणे सुनेला लागावे अशीच सासूची इच्छा असते. येथे मात्र सुनेला लागते की नाही याच्याशी बोलणाऱ्याला फारसे कर्तव्य नसते. घरात बसलेल्या तिसऱ्याच माणसाने नेमके काय ते ओळखावे, आणि सुनेने तक्रार केलीच तर ‘मी तर लेकीला बोलले’ असे म्हणून हात झटकता यावेत, एवढीच सोय त्याला हवी असते. ही सोय जाहिरातीत कोठे करून ठेवलेली असते, हे शोधायला हा संग्रह फार उपयोगी पडतो, आणि त्याचे श्रेय चित्रफितींपेक्षा त्यांच्या शेजारी ठेवलेल्या मजकुराला आहे. माझी पद्धत साधी आहे. प्रथम नुसता मजकूर वाचायचा, मग आवाज पूर्ण बंद करून चित्रफीत पाहायची, आणि तिसऱ्या खेपेस दोन्ही एकत्र.

१९५२चा विभाग इतिहास म्हणून पाहण्याजोगा असला, तरी आपल्या विषयापुरता तो लवकर संपतो. जाहिरातव्यवसायातील रॉसर रीव्ह्ज यांनी रिपब्लिकन उमेदवार जनरल आयझेनहॉवर यांच्यासाठी छोट्या प्रश्नोत्तरांची एक मालिका तयार केली होती. तीत महागाईचे गाऱ्हाणे एक बाई मांडते आणि जनरलसाहेब उत्तर देतात की माझी पत्नी मेमीदेखील महागाईवरून माझ्या मागे लागते. यात लपवाछपवी काहीच नाही. बाईचे राजकारण बाजारहाटापुरते, हे त्या काळी उघडपणे बोलता येत होते. संकेताची गरज पडते ती उघड बोलणे महागात पडू लागल्यावर.

वंशाबाबत ते महागात पडू लागले ते १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा झाल्यानंतर, आणि म्हणूनच या संग्रहाचे खरे दालन १९६८ हे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिस येथे हत्या झाली, त्यानंतर शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या, आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धची निदर्शनेही जोरात होती. रिचर्ड निक्सन यांच्यासाठी यूजीन जोन्स यांनी स्थिर छायाचित्रे एकापुढे एक जोडून, त्यांखाली कानाला बोचणारे संगीत घालून जाहिराती बनवल्या. त्यांपैकी ‘द फर्स्ट सिव्हिल राइट’ ही जाहिरात मी गेल्या वर्षी वर्गात आवाज बंद करून दाखवली. आगी, मोडतोड, ओरडणारे तरुण, रक्ताळलेले चेहरे असे सगळे पडद्यावरून सरकून गेल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मॅडम, यात दिसणारी माणसे तर बहुतेक गोरीच आहेत. मग यात वर्णद्वेष कोठे आहे?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर चित्रात नव्हते. मजकुरात निक्सन सांगतात की मतभेद हा परिवर्तनाचा आवश्यक घटक आहे, परंतु शांततेच्या मार्गाने बदल घडवण्याची सोय ज्या राज्यव्यवस्थेत आहे, तेथे हिंसेला समर्थन मिळावे असे कोणतेही कारण असू शकत नाही, आणि प्रत्येक अमेरिकी नागरिकाचा पहिला नागरी हक्क म्हणजे देशांतर्गत हिंसाचारापासून मुक्त असण्याचा हक्क. ‘नागरी हक्क’ हे शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी होते? बसमध्ये, शाळेत, मतदान केंद्रावर बरोबरीने वागवले जावे म्हणून दहा-बारा वर्षे रस्त्यावर उतरलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांच्या. जाहिरातीने त्यांचा शब्द उचलला आणि त्यांच्याच आंदोलनामुळे धास्तावलेल्या गोऱ्या मतदाराच्या हातात दिला. कोणाचे नाव नाही, कोणाचा रंग नाही. चेहरे गोरे ठेवल्यामुळे आक्षेप घेणाऱ्याला बोट ठेवायला जागाच उरत नाही. (मूळ इंग्रजीतील ‘डोमेस्टिक व्हायोलन्स’ हे शब्द वाचून आजचे विद्यार्थी गोंधळतात, कारण आज त्यांचा अर्थ घरात बाईला होणारी मारहाण असा आहे. १९६८मध्ये तो अमेरिकी राज्यघटनेतल्या अर्थाने, देशातील दंगाधोपा म्हणून, वापरला होता. बाईच्या घरातला हिंसाचार तेव्हा कोणाच्याच प्रचारात नव्हता.)

त्याच वर्षीच्या निक्सन यांच्या दुसऱ्या जाहिरातीत एक मध्यमवयीन गोरी बाई रात्री निर्मनुष्य रस्त्याने एकटी चालत जाते. निवेदक आकडे सांगत राहतो: दर अडीच मिनिटांनी एक दरोडा, दर ४३ मिनिटांनी एक खून. बाई काही बोलत नाही. तिला कोणी अडवतही नाही. आवाज बंद करून पाहिल्यास ही फक्त घरी निघालेली बाई आहे, आणि मजकूर वाचल्यास ती फक्त आकडेवारी आहे. भीती तयार होते ती दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत, जेथे तिच्या मागून कोण येत असेल हे प्रेक्षकाने स्वतःच भरायचे असते. वर्णद्वेष आणि लिंगभेद हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवू नयेत, असे मला या जाहिरातीमुळे पटले. या बाईला स्वतःचे मत नाही, नाव नाही, ती केवळ राखण्याची वस्तू आहे, आणि तशी ती असल्याखेरीज तिच्यामागचा अदृश्य माणूस भीतिदायक होत नाही. येथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. साठच्या दशकात अमेरिकेत हिंसक गुन्हे खरोखरच वाढले होते, आणि गुन्ह्यांविषयी बोलणारा प्रत्येक उमेदवार वर्णद्वेष्टा ठरवणे हा आळशीपणा आहे. या संग्रहाचा गुण असा की तो निकाल देत नाही, पुरावा समोर ठेवतो.

शेजारीच त्या वर्षीचे तिसऱ्या पक्षाचे उमेदवार, अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस आहेत. ‘वर्णविभाजन आज, उद्या आणि कायमचे’ अशी घोषणा १९६३मध्ये गव्हर्नरपदाच्या शपथविधीच्या भाषणात देणारा हा गृहस्थ १९६८च्या जाहिरातीत शाळेच्या बसविषयी (शाळांतील वर्णविभाजन मोडण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत नेण्याविषयी) आणि रात्रीच्या रस्त्याविषयी बोलतो. शाळांचा कारभार राज्यांतील लोकांच्या हाती परत देईन, असे वचन देतो. पाच वर्षांत माणूस बदलला नव्हता, शब्द बदलले होते. त्याला पाच राज्ये मिळाली.

शब्द कसे बदलतात हे रिपब्लिकन पक्षाचे डावपेचकार ली अॅटवॉटर यांनी १९८१मध्ये राज्यशास्त्रज्ञ अलेक्झांडर लॅमिस यांना दिलेल्या मुलाखतीत स्वच्छ सांगितले आहे. १९५४मध्ये कृष्णवर्णीयांसाठीची शिवी सरळ देता येत होती, १९६८मध्ये ती देणाऱ्यालाच महाग पडू लागली, म्हणून ‘सक्तीचे बसिंग’ आणि ‘राज्यांचे हक्क’ असे शब्द आले, आणि पुढे भाषा इतकी अमूर्त होत गेली की आता करकपातीविषयीच बोलले जाते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ही ध्वनिफीत २०१२मध्ये सार्वजनिक झाली. ती या संग्रहाच्या कक्षेबाहेरची आहे, परंतु ती ऐकून मग १९८८चा विभाग उघडावा, कारण त्या वर्षी थोरल्या बुश यांची मोहीम चालवणारे हेच अॅटवॉटर होते.

१९८८च्या दोन जाहिराती एकापाठोपाठ एक पाहाव्यात. पहिली बुश यांच्या मोहिमेची नव्हे, तर नॅशनल सिक्युरिटी पॉलिटिकल अॅक्शन कमिटी या स्वतंत्र गटाची. बुश यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकल डुकाकिस यांच्या कारकिर्दीत जन्मठेपेच्या कैद्यांनाही फर्लो मिळत असे, आणि त्या सुटीवरून न परतलेल्या होर्टन नावाच्या कैद्याने मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर अत्याचार केला, ही घटना खरी होती. (ही फर्लो योजना १९७२मध्ये एका रिपब्लिकन गव्हर्नरच्याच काळात सुरू झाली होती, हे जाहिरात अर्थातच सांगत नाही.) मजकुरात वंशाचा एक शब्दही नाही. पडद्यावर मात्र त्या कैद्याचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र येते, आणि जोडप्यातील पुरुषाला भोसकून त्याच्या मैत्रिणीवर पुन्हा पुन्हा बलात्कार केल्याचे निवेदक थंडपणे सांगतो. काळा पुरुष आणि धोक्यातील बाई, हे अमेरिकेच्या दक्षिणेतील झुंडबळींच्या काळापासूनचे चित्र तीस सेकंदांत बसवले आहे. त्याचे खरे नाव विल्यम. प्रचारात त्याला ‘विली’ केले गेले, आणि तेच नाव चिकटले.

दुसरी जाहिरात, ‘रिव्हॉल्व्हिंग डोअर’, ही बुश यांच्या मोहिमेची अधिकृत. काळ्या-पांढऱ्या चित्रात कैद्यांची रांग गोल फिरणाऱ्या फाटकातून आत जाते आणि तशीच बाहेर येते. कैदी म्हणून उभे केलेल्या माणसांपैकी बहुतेक गोरे आहेत, होर्टनचा उल्लेख कोठेही नाही. तशी गरजही नव्हती. पहिली जाहिरात आणि तिच्यावरच्या बातम्या पाहून झालेल्या मतदाराला फाटक पुरेसे होते. पडद्यावर ‘२६८ पळाले’ असा आकडा झळकतो, आणि निवेदक त्याच सुमारास प्रथम श्रेणीच्या खुन्यांविषयी बोलत असतो. हा आकडा अनेक वर्षांतील सर्व प्रकारच्या कैद्यांचा होता, फक्त खुन्यांचा नव्हे. मी विद्यार्थ्यांना येथे चित्रफीत थांबवून, कोणता शब्द उच्चारला जात असताना कोणता आकडा दिसतो, हे वहीत टिपायला सांगते. त्याच निवडणुकीत १३ ऑक्टोबरच्या वादसभेत डुकाकिस यांना पहिलाच प्रश्न विचारला गेला तो असा, की तुमच्या पत्नीवर बलात्कार करून कोणी तिचा खून केला, तर तुम्ही फाशीला पाठिंबा द्याल का. त्यांच्या कोरड्या उत्तरावर पुष्कळ टीका झाली. समोर हयात असलेल्या एका बाईला तर्काचे साधन म्हणून अशा रीतीने वापरावे का, यावर त्या मानाने फारच थोडे बोलले गेले.

ऑक्टोबरमध्ये कृष्णवर्णीय डेमोक्रॅटिक नेते जेसी जॅक्सन यांनी या प्रचाराला उघडपणे वर्णद्वेषी म्हटले. प्रिन्स्टन विद्यापीठातील ताली मेंडेलबर्ग यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे मांडले आहे की संकेत जोवर संकेत असतो तोवरच तो नीट काम करतो, आणि त्याला नाव दिले गेले की त्याचा जोर ओसरतो. अॅटवॉटर यांनी १९९१मध्ये, मृत्यूपूर्वी, होर्टनला डुकाकिस यांचा ‘जोडीदार उमेदवार’ बनवण्याच्या आपल्या वल्गनेबद्दल खेद व्यक्त केला.

आता उणिवांकडे. संग्रहात जाहिराती वर्षानुसार पाहता येतात, तशाच त्या प्रकारानुसार आणि प्रश्नानुसारही पाहता येतात. भीती, मुले, चरित्र, भ्रष्टाचार, कर, युद्ध, नागरी हक्क असे कप्पे आहेत. संकेताला कप्पा नाही. तो असू शकत नाही हे मला समजते, कारण संकेत कशाला म्हणायचे हाच तर वाद असतो, परंतु परिणामी नवखा पाहणारा ‘नागरी हक्क’ या कप्प्यात जाऊन सरळ बोलणाऱ्या जाहिराती पाहतो आणि आडून बोलणाऱ्या त्याच्या नजरेतून सुटतात. शिक्षकाने स्वतःची यादी करूनच वर्गात जावे.

दुसरी मर्यादा संग्रहाच्या व्याप्तीतच आहे: फक्त अध्यक्षपद. त्यामुळे या विषयाची दोन महत्त्वाची उदाहरणे येथे मिळत नाहीत, कारण ती सिनेटच्या निवडणुकांतील आहेत. १९९०मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जेसी हेल्म्स यांनी शार्लटचे माजी महापौर, कृष्णवर्णीय उमेदवार हार्वी गँट यांच्याविरुद्ध केलेल्या जाहिरातीत दोन गोरे हात नकाराचे पत्र चुरगाळतात, आणि ही नोकरी तुम्हाला हवी होती, तुम्हीच सर्वांत लायक होतात, पण ती अल्पसंख्याकाला द्यावी लागली, असे निवेदक सांगतो. २००६मध्ये टेनेसीत हॅरल्ड फोर्ड यांच्याविरुद्धच्या जाहिरातीत एक गोरी तरुणी, आपण त्यांना प्लेबॉयच्या पार्टीत भेटलो असे सांगते आणि शेवटी डोळा मारून ‘हॅरल्ड, मला फोन कर’ म्हणते. विनोद म्हणून केलेली ही फीत दक्षिणेतील एका राज्यात कृष्णवर्णीय उमेदवाराविरुद्ध दाखवली जात होती, एवढे सांगितले की वर्गाला पुढचे सांगावे लागत नाही. ही दोन्ही उदाहरणे मी बाहेरून आणून जोडते.

तिसरी उणीव सर्वांत मोठी वाटते, आणि तिचा दोष संग्रहाकडे जात नाही. सबंध संग्रह पाहून उठणाऱ्याचा असा समज होऊ शकतो की वर्णद्वेष पुष्कळ होता आणि स्त्रियांविषयीचा आकस मात्र किरकोळ. कारण सोपे आहे. वर्णद्वेषाला १९६५नंतर जाहिरातीत वेषांतर करून यावे लागले, म्हणून तो चित्रफितींत सापडतो. बाईविषयीच्या तुच्छतेला वेषांतराची गरज फार उशिरापर्यंत पडली नाही. ती सभेत, मुलाखतीत, फलकावर, थट्टेत, उघड्या तोंडाने वावरत राहिली, आणि तिची फीत कोणत्याही पक्षाला पैसे खर्चून बनवावी लागली नाही. १९८४मध्ये जेराल्डीन फेरारो या प्रमुख पक्षाच्या पहिल्या महिला उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या. मिसिसिपीच्या भेटीत राज्याच्या कृषी आयुक्तांनी त्यांना विचारले की तुम्हाला ब्लूबेरी मफिन भाजता येतात का. त्या म्हणाल्या, येतात, तुम्हाला येतात का? आमच्याकडे पुरुष स्वयंपाक करीत नाहीत, असे उत्तर मिळाले. फेरारो या माजी सरकारी वकील आणि काँग्रेसच्या सदस्य होत्या. जानेवारी २००८मध्ये न्यू हॅम्पशरच्या सभेत हिलरी क्लिंटन यांच्यासमोर ‘माझा शर्ट इस्त्री कर’ अशा घोषणा झाल्या. २०१६मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध ‘स्टॅमिना’ आणि ‘अध्यक्षासारखे दिसणे’ हे शब्द आले, आणि मग हात झटकण्याची जुनी सोय येथेही वापरात आली: आम्ही प्रकृतीविषयी बोलतो, बाईविषयी नव्हे. संग्रहातील त्या वर्षीची क्लिंटन यांची ‘मिरर्स’ ही जाहिरात, ज्यात आरशात पाहणाऱ्या मुलींवर ट्रम्प यांची बायकांविषयीची वाक्ये ऐकू येतात, ही उत्तरादाखल केलेली आहे. तीत ऐकू येणारी मूळ वाक्ये कोणत्याही जाहिरातीतली नव्हती.

मराठी विद्यार्थ्यांना सर्वांत चटकन समजते ते उदाहरणही संग्रहाबाहेरचेच आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये जॉर्जियाच्या मेकन शहरातील सभेत सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांनी कमला हॅरिस यांचे नाव तीन-चार प्रकारे मोडून ‘कमाला-माला-माला, काय असेल ते’ असे म्हटले, आणि लोक हसले. पर्ड्यू हे हॅरिस यांचे सिनेटमधील चार वर्षांचे सहकारी होते. नंतर त्यांच्या प्रवक्त्याने सांगितले की उच्चार चुकला, बाकी काही हेतू नव्हता. आपल्याकडे प्रत्येक आळीत एक तरी कमलाकाकू सापडतात, त्यामुळे हे नाव उच्चारायला कठीण आहे यावर आपल्यापैकी कोणाचा विश्वास बसणे कठीण. पण खुबी अशी की तो संकेत आपल्यासाठी नव्हताच.

त्याच वर्षी जुलैमध्ये ट्रम्प यांनी ‘अमेरिकेच्या उपनगरांतील गृहिणींना’ उद्देशून लिहिले, आणि काही दिवसांनी उपनगरांत राहणाऱ्यांना, तुमच्या शेजारी कमी उत्पन्नवाल्यांची घरे बांधली जाण्याचा त्रास आता तुम्हाला होणार नाही, असे आश्वासन दिले. गृहिणी हा शब्द आणि कमी उत्पन्न हा शब्द, दोन्ही निरुपद्रवी. त्यांच्या त्या मोहिमेतील ‘ब्रेक इन’ या जाहिरातीत एक वृद्ध गोरी बाई घरात एकटी असते, दाराशी कोणीतरी येते, ती पोलिसांना फोन लावते आणि तिला ध्वनिमुद्रित संदेश ऐकू येतो. १९६८ची रस्त्यावरची बाई आणि ही बाई, मध्ये ५२ वर्षे. मी दोन्ही फिती आवाज बंद करून लागोपाठ दाखवते. वर्ग या वेळी प्रश्न विचारत नाही.

हा संग्रह दूरचित्रवाणीचा आहे, आणि बैठकीच्या खोलीत सगळे घर एकत्र बसून एकच जाहिरात पाहते, हे त्यामागचे गृहीतक आता मोडकळीस आले आहे. एकाच घरातील दोघांच्या फोनवर आज वेगवेगळी जाहिरात येते, त्यामुळे शिट्टी ज्याच्यासाठी नाही त्याच्या कानावर ती पडण्याचा प्रश्नच राहत नाही. फेसबुकने २०१८पासून राजकीय जाहिरातींचा शोधता येणारा संग्रह ठेवला आहे, पण तो गोदामासारखा आहे. तेथे पार्श्वभूमी सांगणारे कोणी नाही. अस्टोरियाच्या संग्रहातील निवड आणि टिपणे किती मोलाची आहेत हे त्या गोदामात तासभर फिरून आल्यावर जास्त कळते.

वापरणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. सुरुवात १९५२पासून क्रमाने करू नये, रस टिकत नाही; १९६८, मग १९८८, मग मागेपुढे, असा क्रम ठेवावा. दीड तासात सहा-सात जाहिरातींहून अधिक घेऊ नयेत. सर्व मजकूर इंग्रजीत आहे, तेव्हा निक्सन आणि होर्टन यांच्या जाहिरातींचे मराठी भाषांतर मी एका पानावर करून वाटते. कॉलेजात इंटरनेट बेभरवशाचे असेल, तर आदल्या दिवशी निदान मजकूर तरी छापून ठेवावा. पहिल्या खेपेला लागतो तो तेवढाच.